अलिबागची वेधशाळा आणि आपल्या नोंदी

ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील वैद्यबंधू-भगिनी अलिबागला जातात ते समुद्र व कुलाबा किल्ला पाहण्यासाठी. तेथील भूचुंबकीय वेधशाळाही पूर्वपरवानगी घेऊन पाहावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईत कुलाबा येथे १८४१ पासून होत होत्या. पुढे घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने हे वेध दूषित होणार, हे ओळखून तत्कालीन संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबागची निवड झाली. उपकरणगृहाच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळले गेले. १९०४ मध्ये येथे वेध सुरू झाले. तथापि कुलाब्याचे लगेच थांबविले नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेऊन परस्परांतील फरक निश्चित केला गेला. त्यामुळे ही नोंदमाला आजही सलग वाचता येते. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली.

औषधनिर्मात्यांनी यातून बोध घ्यावा. वनौषधींचा पुरवठादार किंवा यंत्र बदलताना काही काळ जुन्या व नव्या पद्धतीने औषध तयार करून वर्ण, गंध, रस व उतारा यांची तुलना लिहून ठेवावी. चिकित्सकांनीही केसपेपर संगणकावर नेताना जुनी वही लगेच बंद करू नये. अन्यथा रुग्णास गुण का आला नाही, याचे कारण चिकित्सेत शोधावे की बदललेल्या द्रव्यात, हे कळणार नाही. प्रत्यक्षाला नोंदीची जोड नसेल, तर अनुमान निराधार ठरते.