संगणकाचा हजेरीपट

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे काय ते कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा संगणकावर आम्ही बोलावे हे काहींना धाडसाचे वाटेल. पण आमच्या सभासदांच्या हक्काचे कागद ज्या घोटाळ्यात गेल्यात जमा झाले होते, तो चारचौघांत सांगणे आम्हाला कर्तव्य वाटते.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवी यंत्रे घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून जुन्याच यंत्रावर आम्ही डेबियन लिनक्स बसविले. यंत्रात दोन डिस्क होत्या. पहिलीवर नवी प्रणाली गेली. दुसरीवर पगारचिठ्ठ्या आणि ग्रॅच्युइटीच्या दाव्यांचे कागद होते. यंत्र सुरू झाले, पण दुसरी डिस्क काही उघडेना. मदतीला आलेला तरुण म्हणाला, "काका, फॉर्मॅट करून टाकू, मग दिसेल." दिसली असती खरी, पण कोरी! आम्ही त्याचा हात धरला.

येथे मूळ रीत समजून घेतली पाहिजे. विंडोजमध्ये डिस्कला सी, डी असे अक्षर मिळते. केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ साली ज्याचा पाया घातला त्या युनिक्सची रीत निराळी, आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सने तीच उचलली. तेथे सगळ्यांचे मिळून एकच झाड. नवी डिस्क त्या झाडाच्या एखाद्या फोल्डरशी जोडावी लागते; या जोडण्यालाच माउंट करणे म्हणतात. कामगार फाटकावर उभा आहे, पण हजेरीपटावर नाव नाही. म्हणून तो मेला असे कोणी म्हणेल काय?

तेव्हा पहिला प्रश्न, डिस्क फाटकावर आहे की नाही? 'एलएसबीएलके' ही आज्ञा दिली की सर्व डिस्कची यादी मिळते. यादीत नाव नसेल तर तार, जोडणी तपासावी. नाव आहे, पण जोडल्याची जागा रिकामी, तर घाबरण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी, डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडावी; तिच्यावर काही लिहू नये. विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपले असेल, तर त्याच्या डिस्कवर लिहू देण्यास लिनक्स नकार देते. आमचे नेमके हेच झाले होते. वाचण्यापुरती जोडताच सारे कागद दिसले! ते प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरविले. जोडणीला नकार आला तर 'डीमेसेज' या आज्ञेने यंत्राची नोंदवही वाचावी. कारण बहुधा तेथेच सापडते.

तिसरी पायरी हजेरीपटाची. 'एफएसटॅब' नावाच्या फाइलीत कोणती डिस्क कोठे जोडायची ते लिहिलेले असते. तेथे 'एसडीबी' असे नाव लिहू नये. ते रांगेतल्या जागेवरून पडते, आणि रांग यंत्र सुरू होताना बदलू शकते. त्याऐवजी यूयूआयडी लिहावा. तो बिल्ल्याचा नंबर, जागा बदलली तरी तोच राहतो. एक अंक चुकला, तर यंत्र सहसा दीड मिनिट वाट पाहून आणीबाणीच्या अवस्थेत थांबते. म्हणून दुय्यम डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द घालावा, म्हणजे ती नसली तरी काम अडत नाही. आणि यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी 'माउंट -ए' देऊन ओळ तपासावी.

आणखी एक फसगत आम्ही भोगली. डिस्क जोडलेली नसताना त्याच फोल्डरात आम्ही नवे अर्ज ठेवले. डिस्क जोडली आणि अर्ज नाहीसे! ते पहिल्या डिस्कवर त्या फोल्डराखाली झाकले गेले होते. दुसरी डिस्क सोडविताच पुन्हा वर आले.

आमचे दावे वेळेवर दाखल झाले. त्या सभासदांची आयुष्यभराची नोकरी त्या कागदांत होती. घाईच्या एका आज्ञेने ती पुसली गेली असती. म्हणून एवढेच सांगतो: आधी यंत्राला विचारा, मग कागदांची नक्कल करा, आणि त्यानंतरच दुरुस्तीला हात घाला.