जुन्या मोटारीचा जमाखर्च

सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातील ‘पद्मिनी’ जालन्यातील एखाद्या घरी वडिलांची आठवण म्हणून आजही जपलेली असेल, तर तिच्या वयपरत्वे येणाऱ्या विजेच्या तक्रारीही घरास परिचित असतील. सकाळी सेल्फ मारावा आणि नुसतेच ‘टक्’ ऐकू यावे! आपण नवी बॅटरी आणतो. आठवड्यात पुन्हा तेच.

व्यापाऱ्याने हे वहीसारखे तपासावे. भरलेल्या बॅटरीवर, गाडी बंद असता, मल्टिमीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवतो, ही शिल्लक. इंजिन जरा वेगात असता आकडा १४ च्या आसपास जावा, ही जमा. जमाच होत नसेल, तर आधी फॅनबेल्ट व डायनॅमो पाहावा. दोन्ही आकडे ठीक असूनही सेल्फ अडखळत असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरी इंजिनच्या उघड्या धातूस लावावी आणि सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसल्यास अर्थिंगच्या जोडात गंज आहे. बॅटरीची ऋण तार सोडवून तो जोड पॉलिश पेपरने घासावा व घट्ट आवळावा. खर्च काही रुपयांचा.

जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे मात्र अक्षम्य. मग फ्यूजऐवजी जुने वायरिंग तापते, पेटतेही. फ्यूज वारंवार जात असेल, तर त्यावरील हॉर्न, वायपर, दिवे एकेक करून सोडवावेत. ज्याची तार काढताच फ्यूज टिकतो, दोष तेथेच.