‘फुल’ विम्याचा खरा अर्थ

मोटारीचा ‘फुल’ विमा उतरवला म्हणजे कसलेही नुकसान झाले तरी संपूर्ण रक्कम हाती पडेल, असा समज परभणी जिल्ह्यात, किंबहुना सर्वत्रच, रूढ आहे. वस्तुतः १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये सक्तीचा असतो तो त्रयस्थ पक्षाचा विमा (आपल्या वाहनामुळे इतरांस झालेल्या हानीची भरपाई), आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेणे न घेणे मालकाच्या मर्जीवर असते.

हा ऐच्छिक विमा घेतला, तरी भरपाईतून घसारा (वापरामुळे घटलेले मूल्य) वजा होतो. तांब्याची जुनी घागर मोडीत दिली असता तांबट जसा नव्या घागरीचा दाम देत नाही, तसाच हा हिशेब होय: आठ हजारांचा प्लॅस्टिकचा बंपर फुटला, तर पन्नास टक्के घसाऱ्यामुळे चारच हजार हिशेबात धरले जातात. ही कपात टाळणारी ‘झिरो डेप’ ही जोड जादा हप्ता घेते. तरीही ती नव्या गाडीस विशेष उपयुक्त.

पुराच्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन निकामी झाले, तर साध्या पॉलिसीत तो दावा सहसा नामंजूर होतो. यास्तव गंगाखेड-सोनपेठकडे गोदाकाठच्या सखल रस्त्यांनी पावसाळ्यात ज्यास नित्य जावे लागते, त्याने इंजिन-संरक्षणाची जोड घ्यावी. जिंतूरच्या उंचवट्यावरील मालकास तिची निकड कमी.

सारांश, जोड निवडताना एजंटाची यादी न पाहता गाडीचे वय, आपली वाट आणि पदरचा खर्च सोसण्याची ऐपत पाहावी.