‘लोक’ म्हणजे कोण?

बागायतीचे रानडुकरांपासून रक्षण करण्यासाठी घरात बंदूक ठेवावयाची, तर आपल्याकडे सरकारचा परवाना लागतो आणि निवडणूक आली की ती बहुधा मुकाट्याने पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये बंदूक ही सवलत आहे, हक्क नव्हे. अमेरिकेत मात्र १७९१ साली संमत झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा ‘लोकांचा’ हक्क अबाधित ठेवला आहे. हे ‘लोक’ म्हणजे कोण? केवळ नागरिक, की तेथे कायदेशीरपणे कायमचे वास्तव्य करणारे परकीयही? ज्यांची मुले, भाचे, पुतणे ग्रीन कार्ड घेऊन तेथे संसार थाटून बसले आहेत, त्या आमच्या वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये.

आज तेथील केंद्रीय कायद्याप्रमाणे ग्रीन कार्डधारकाला बंदूक विकत घेता येते. परंतु कायद्याने दिलेली मोकळीक आणि घटनेने दिलेला हक्क यांत महदंतर आहे. मोकळीक विधिमंडळाला उद्या काढून घेता येते. पूर्वी तसे घडलेही आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९०९ मध्ये नागरिकत्व न मिळालेल्या परदेशी रहिवाशांना शिकारीची मनाई केली व त्यासाठी शॉटगन किंवा रायफल बाळगण्यावरही बंदी घातली. १९१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला.

त्यानंतर बरेच पाणी वाहून गेले आहे. शस्त्राचा हक्क व्यक्तीचा आहे, असे याच न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात ठरविले. २०१० मध्ये तो राज्यांवरही बंधनकारक केला. हेलर निकालात ‘कायदा पाळणारे नागरिक’ अशी शब्दयोजना आहे आणि हक्क नागरिकांपुरताच मानणाऱ्यांची सारी भिस्त तिच्यावर आहे. उलट १९९० मध्ये झडती व जप्तीसंबंधीच्या एका खटल्यात न्यायालयाने ‘लोक’ या शब्दात राष्ट्रीय समाजाचे घटक आणि त्या देशाशी पुरेसे नाते जडलेले लोक अंतर्भूत केले होते. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील संघीय जिल्हा न्यायालयाने कायम रहिवाशांना बंदुकीचा परवाना नाकारणे घटनाबाह्य ठरविले. कायम रहिवाशांविषयी सर्वोच्च न्यायालयाचा थेट निर्णय मात्र झालेला नाही.

आमच्या मते शब्दांचा कौल स्पष्ट आहे. अमेरिकेच्या घटनाकारांना ‘नागरिक’ हा शब्द अपरिचित नव्हता. राष्ट्राध्यक्षाची व प्रतिनिधींची पात्रता सांगताना त्यांनी तोच वापरला. आपल्या घटनाकारांनीही हा विवेक राखला आहे: कलम १९ चे हक्क नागरिकांचे, तर कलम १४ व २१ चे संरक्षण कोणाही व्यक्तीला. जेथे ‘लोक’ लिहिले आहे तेथे ‘नागरिक’ वाचणे हा अर्थ लावणे नव्हे, घटना बदलणे होय. शिवाय ग्रीन कार्डधारक तरुणाचेही नाव सक्तीच्या सैन्यभरतीच्या नोंदवहीत असावे लागते. ज्याच्या हाती राष्ट्रासाठी शस्त्र देण्याची तयारी आहे, त्याला स्वतःच्या घराच्या रक्षणासाठी ते नाकारणे कोणत्या न्यायात बसते?

नाते किती दृढ, हा प्रश्न मात्र अवश्य विचारावा. तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या अभियंत्याला किंवा विद्यार्थ्याला, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद वगळता, १९९८ पासून तेथे बंदूक बाळगता येत नाही. त्याची शिक्षा १५ वर्षांच्या कारावासापर्यंत जाऊ शकते. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला ग्रीन कार्डधारकही हद्दपार होऊ शकतो. आपल्या मुलांनी हे नीट ध्यानी ठेवावे.

घरोघर बंदुका असणे इष्ट की अनिष्ट, हा वाद वेगळा आहे आणि आमचा कल परवान्याच्या बाजूचा आहे. पण बंधन घालावयाचे तर ते माणसाच्या वर्तनावरून घालावे, त्याच्या जन्मस्थानावरून नव्हे. १८७८ च्या ब्रिटिश शस्त्र कायद्याच्या अमलात गोऱ्याला सूट आणि एतद्देशीयाला परवान्याचा जाच होता. शस्त्राच्या निमित्ताने माणसांची प्रतवारी कशी होते हे ज्या देशाने सोसले आहे, त्याने या प्रश्नात तटस्थ राहण्याचे कारण नाही.