रांगण्यापुरती जमीन

अनेक मराठी घरांच्या देवघरात रांगता बाळकृष्ण असतो. दोन गुडघे आणि एक हात जमिनीवर टेकलेला, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा, मान वर. मूर्तिकाराने टिपलेला तो क्षण बालकाच्या शरीरविकासातील एक अवघड क्षण आहे. एक हात उचलताच सारा भार उरलेल्या तीन आधारांवर पेलावा लागतो; मान, खांदे, पाठ आणि कंबर यांनी एकमेकांना साथ दिल्यावाचून तो गोळा तोंडापर्यंत पोहोचावयाचा नाही. हे सामर्थ्य शिकवून येत नाही, खेळता खेळता येते. आणि त्या खेळाला खेळण्यांच्या आधी जमीन लागते.

भिलाईत राहणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर उभ्या राहिलेल्या या पोलादनगरीत विदर्भातून आणि इतर प्रांतांतून माणसे नोकरीसाठी आली. वडीलधारी मंडळी पुष्कळदा गावीच राहिली. माहेरचे बाळंतपण आटोपून आई बाळाला घेऊन क्वार्टरमध्ये परतते, तेव्हा दिवसभर ती एकटीच असते. स्वयंपाक करावयाचा तर बाळाला ठेवावे कुठे? मग पाळणा, बाबागाडी, उशांची तटबंदी, नाही तर चाकांचा वॉकर. हल्ली त्याच्यापुढे मोबाइलही धरला जातो. मूल शांत राहते खरे, परंतु तेवढा वेळ त्याच्या स्नायूंना काही काम नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याविषयी स्पष्ट सूचना दिल्या: अर्भकाला सलग तासाहून अधिक वेळ अडकवून ठेवू नये, जे अजून हालते-फिरते झालेले नाही, त्याला जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथे ठेवावे, आणि पडद्यापुढे मुळीच बसवू नये.

पालथे ठेवावयाचे ते जागेपणी, आणि कोणी तरी समोर असतानाच. झोपवताना मात्र नेहमी उताणेच. आरंभी मूल दोन मिनिटांत रडू लागते. अशा वेळी वडिलांनी उताणे पडून त्याला आपल्या छातीवर पालथे घ्यावे. वडिलांचे तोंड पाहण्यासाठी ते आपोआप मान उचलते. पुढे सतरंजीवर ठेवून त्याच्या नजरेसमोर एखादी चकचकीत वाटी ठेवावी. ती किंचित बाजूला सरकवली की मूल पोटावरच वळू लागते. वाटी हाताच्या थोडी पलीकडे असावी, पण ती त्याला अखेर मिळालीच पाहिजे. जवळ येताच दर वेळी मागे ओढण्याची गंमत काही मोठी माणसे करतात; तो खेळ नव्हे, छळ आहे.

रांगू लागलेल्या मुलाला लोड ओलांडावयास द्यावा, किंवा आजोबांनी आडवे होऊन आपणच डोंगर व्हावे. धरून उभे राहू लागले, की दिवाणाच्या कडेवर खेळणे हातभर दूर ठेवावे, म्हणजे ते कड धरून एकेक पाऊल आडवे टाकीत जाते. पाय अनवाणी असावेत. मोजे फरशीवर घसरतात, आणि लांब झबले गुडघ्याखाली येऊन रांगणाऱ्याला अडवते.

आपला जुना पांगुळगाडा आणि बाजारातील वॉकर यांत लोक गल्लत करतात. पांगुळगाडा मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते. तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. वॉकरमध्ये ते झोळीत बसलेले असते, तोल सांभाळण्याचे काम चाके करतात. शिवाय वेग असा, की पायरीवरून कोसळण्याचा धोका मोठा. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

फरशी मळकी, मूल पडेल, ही आयांची भीती समजण्यासारखी आहे. फरशी पुसता येते. मे महिन्यात येथे ती तापते, तेव्हा सकाळसंध्याकाळची वेळ निवडावी. पडण्याविषयी म्हणाल, तर न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २०१२ साली मोजदाद प्रसिद्ध केली: बारा ते एकोणीस महिन्यांची मुले मोकळ्या खेळात तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात. पडणे हा त्या अभ्यासाचाच भाग होय; कोपरे, पायऱ्या आणि शेगडी यांची काळजी मात्र आपण घ्यावी.

शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले म्हणून आपल्याला घाई करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुले पाहून २००६ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांत एकट्याने चालण्याचा काळ साधारण आठ ते साडेसतरा महिने इतका लांबरुंद आहे. काही मुले गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरीही चालू लागली. परंतु नऊ महिने उलटूनही मूल आधारावाचून बसत नसेल, दीड वर्षानंतरही चालत नसेल, एकच हात किंवा पाय वापरीत असेल, किंवा आलेली हालचाल विसरले असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मूल वेळेआधी जन्मलेले असल्यास महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावेत. माता-बाल संरक्षण कार्डावर हे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. लस टोचून घ्यावयास जाल त्या दिवशी ते पान उघडून अंगणवाडी सेविकेशी बोलून घ्यावे.