आधी कोरडी, नंतर भरलेली: विहीर नेमकं काय सिद्ध करते?

सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासक्रमात संशोधनपद्धती हा विषय बरेच विद्यार्थी नाइलाजाने घेतात. मी तो शिकवतो आणि प्रबंध तपासताना एक वाक्य मला हमखास भेटतं: ‘योजनेआधी परिस्थिती वाईट होती, योजनेनंतर सुधारली, म्हणून योजना यशस्वी.’ प्रचारसभेत हे वाक्य मी समजू शकतो, प्रबंधात मात्र अजिबात नाही. हा सगळ्यांत चिवट गैरसमज आहे, म्हणून आधी त्याच्याकडेच वळतो.

लातूर घ्या. 2015 साली पावसाने मराठवाड्याला दगा दिला आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर तिथे धो-धो पाऊस झाला, मांजरा धरण भरलं. आता डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या, बंधारे घालून पाणी अडवणाऱ्या जलयुक्त शिवार अभियानाचा परिणाम कुणी असा मोजला, की एखाद्या गावातल्या विहिरीची मे 2017 ची पातळी घेतली, मे 2016 च्या पातळीशी ताडून पाहिली आणि झाली वाढ जाहीर! ही वाढ अभियानाची की पावसाची? मराठवाड्याखाली बहुतेक बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात पाणी बेताचंच मावतं, त्यामुळे विहीर त्या-त्या वर्षाच्या पावसावर चढते-उतरते. त्या गावात एकही बंधारा घातला नसता, तरी पातळी वाढलेलीच दिसली असती.

ऑक्टोबर 2018 मध्ये राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. तेवढ्यावरून अभियान फसलं असं म्हणणं हीसुद्धा तीच चूक, फक्त उलट्या दिशेने. महालेखापरीक्षकांच्या 2020 च्या अहवालानेही अभियानाचा भूजलपातळीवर फारसा परिणाम झाला नसल्याचं म्हटलं. पण तो निष्कर्ष उचलण्याआधी त्यांनी तुलना कशाशी केली हे वाचायला हवं. निष्कर्ष आपल्या आवडीचा असला की आपण पद्धत तपासत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

प्रश्न असा विचारायचा असतो: अभियान नसतं, तर याच गावात काय झालं असतं? ते कुणालाच पाहता येत नाही. म्हणून तेवढाच पाऊस, तसाच खडक, तशीच पिकं असलेली, पण अभियानाबाहेरची गावं शोधायची. दोन्ही गटांत आधीचा आणि नंतरचा फरक काढायचा आणि मग त्या दोन फरकांमधलं अंतर बघायचं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाणी किती उतरलं यावरून उपशाचा अंदाज येतो. बंधाऱ्यामुळे पाणी वाढलं आणि त्यावर शेजारी ऊस उभा राहिला, तर मेचा एकटा आकडा आपल्याला फसवतो.

इथे आणखी एक खाच आहे. अशा योजनेत गावं टंचाई बघून निवडली जातात. सगळ्यांत वाईट वर्षी निवडलेलं गाव पुढच्या वर्षी आपसूकही सावरलेलं दिसतं. गावांची निवड चिठ्ठी टाकून किंवा ठरलेल्या फेरपाळीने झाली असेल, तर ही अडचण पुष्कळ कमी होते. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर महिलांसाठी राखीव झालेली सरपंचपदं अशीच फिरत गेली. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी बंगालमधल्या वीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातल्या राखीव आणि बिनराखीव पंचायती ताडून पाहिल्या. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्हीकडे महिला सरपंचांनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केल्याचं दिसलं. रस्त्यांचं चित्र मात्र वेगळं होतं: बंगालमध्ये त्यांनी रस्त्यांवर जास्त काम केलं, राजस्थानात कमी. दोन्ही ठिकाणी त्या-त्या भागातल्या बायकांच्या तक्रारी जशा होत्या, तशीच कामंही झाली. हे नुसत्या ‘आधी आणि नंतर’वरून कधीच कळलं नसतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘नमुना मोठा म्हणजे निष्कर्ष पक्का.’ 1936 साली अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाच्या पाहणीला 23 लाखांहून अधिक उत्तरं आली होती. नियतकालिकाने लँडन जिंकणार असं सांगितलं आणि रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं जिंकले. उत्तरं कुणाकडून आली, हे संख्येपेक्षा महत्त्वाचं.

‘प्रश्न कसाही विचारा, उत्तर तेच येतं.’ 1999-2000 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत त्याच कुटुंबांना खाण्यापिण्याचा खर्च 30 दिवसांचाही विचारला आणि 7 दिवसांचाही. त्यानंतर गरिबी 36 टक्क्यांवरून 26 वर आल्याचा सरकारी आकडा प्रश्नाची पद्धत बदलल्यावर आधीच्या आकड्याशी ताडायचा की नाही, यावर अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडले.

‘मुलाखती म्हणजे गप्पा, खरं संशोधन आकड्यांचं.’ पातळी किती घटली ते आकडा सांगेल. बंधाऱ्याची जागा कुणाच्या शेताकडे बघून ठरली, हे गावात बसल्याशिवाय कळणार नाही.

‘संख्याशास्त्र येत नसेल तर धोरणाचा अभ्यास जमत नाही.’ वर सांगितलेल्या तुलनेला तीन वजाबाक्या लागतात.

यंदा प्रबंधाचा विषय घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. एखादी योजना तुमच्या तालुक्यात सुरू व्हायची असेल, तर ती येण्याआधीच योजनेबाहेरची गावंही यादीत घ्या आणि त्यांच्याही विहिरी मोजा. राहून गेलेलं मोजमाप नंतर मागे जाऊन घेता येत नाही.