गल्लीत वाजवलं तर चालतं, मग यूट्यूबवर टाकलं की क्लेम का येतो?

लोकलच्या गर्दीत ज्यांना हा भाग नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी लिहून काढलाय. थोडा साफसूफ करून.

माझा मावसभाऊ लालबागला बँजो पथकात वाजवतो. आता हा बँजो म्हणजे इंग्रजी पिक्चरमधला गोल बँजो नव्हे हां. हा आपला बुलबुलतरंग, टाइपरायटरसारख्या बटणांचा, पिकअप लावून अँपला जोडलेला. मूळ वाद्य जपानी, ताइशोगोतो. १९१२ मध्ये नागोयात बनलं आणि फिरत फिरत आपल्या मिरवणुकीत आलं.

तर पथकाने प्रॅक्टिसचा व्हिडिओ टाकला, जुनं फिल्मी गाणं. दुसऱ्या दिवशी ईमेल: कॉपीराइट क्लेम. पोरं टरकली. आता पोलीस येणार, दंड भरावा लागणार! रातोरात व्हिडिओ उडवला. त्याच व्हिडिओवरून दोन सुपाऱ्यांची बोलणी चालू होती (सुपारी म्हणजे वाजवायची ऑर्डर, गैरसमज नको). त्याही गेल्या.

भावाचा प्रश्न साधा होता. ‘दादा, गणपतीत हेच गाणं हजार लोकांसमोर वाजवतो, तेव्हा कोणी काही बोलत नाही. मग आत्ताच काय झालं?’

कारण कायद्यातच आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात संगीत वाजवायला सूट दिलीय, लग्नाची वरातसुद्धा त्यात धरलीय. हौशी मंडळाने फुकट ऐकणाऱ्यांसमोर वाजवलं, तरी वेगळी सूट आहे. पण या सवलती त्या वेळच्या वादनापुरत्या. रेकॉर्ड करून इंटरनेटवर कायमचं ठेवणं ही वेगळी गोष्ट झाली.

दुसरं म्हणजे एका गाण्यात तीन मालक्या असतात: शब्द, चाल आणि मूळ रेकॉर्डिंग. बँजोवाले मूळ रेकॉर्डिंग वापरत नाहीत, शब्दही नाहीत. पण चाल? तीच तर वाजवतात! आणि इथेच बरेच जण फसतात. तुकोबांचे शब्द कोणाच्याही मालकीचे नाहीत, बरोबर. पण श्रीनिवास खळ्यांनी लावलेली चाल जुनी नाही. खळेकाका २०११ साली गेले. हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे २०७१ संपेपर्यंत. कराओके ट्रॅकवर गाणाऱ्यांनो, तुमचं अजून एक लफडं: तो ट्रॅक हेही कोणाचं तरी रेकॉर्डिंगच असतं.

कायदेशीर कव्हरची वाट नाही का? आहे, २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३१सी. मूळ रेकॉर्डिंगनंतर पाच कॅलेंडर वर्षं थांबा, आधी नोटीस द्या, आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरा. सीडी कंपनीसाठी ठीक. चाळीतल्या पोरांनी काय करायचं?

म्हणून प्रत्यक्षात सगळं यूट्यूबच्या कंटेंट आयडीवर चालतं. माझ्या धंद्यातली गोष्ट असल्याने जरा सांगतो. हक्कदार आपलं गाणं सिस्टीमला देतो, ती त्याची ‘बोटांचे ठसे’ टाइप खूण ठेवते आणि प्रत्येक अपलोड तिच्याशी ताडून बघते. नुसती चाल जुळली तरी पकडू शकते. पकडल्यावर काय करायचं ते हक्कदार ठरवतो: व्हिडिओ बंद, नुसती नजर, नाहीतर जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे. तिसरं असेल तर व्हिडिओ जागेवरच राहतो.

क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, हे डोक्यात पक्कं बसवा. स्ट्राइक म्हणजे कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ उतरवणं. ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल जाऊ शकतं. आणि ‘क्रेडिट दिलंय’ एवढ्या कारणावर क्लेमला डिस्प्यूट टाकू नका, ते कारण चालत नाही.

पथकाने व्हिडिओ परत टाकला. तासाभरात क्लेम आला. या वेळी राहू दिला, तसेही त्यांना जाहिरातीचे पैसे मिळत नव्हतेच. फक्त खाली बुकिंगचा फोन नंबर टाकायला विसरले होते. तो मी टाकायला लावला.